सोळाशे बाय नऊशे, कायमचं

मामा,

आधी बातमी सांगते. लाईट गेली, आली, कॉम्प्युटर बंद पडला, पुन्हा चालू झाला, तरी स्क्रीन आता सोळाशे बाय नऊशेवरच उघडते. गोल गोलच राहतो, त्याचं आडवं अंडं होत नाही. तुम्हाला जाऊन अजून महिना व्हायचाय आणि सून सासऱ्यांना पहिलं काय कळवते, तर मॉनिटरचं रिझोल्यूशन, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तुम्ही तरी काय विचारलंत? पाणी नाही, कोण आलं-गेलं नाही. खुर्चीत टेकता टेकता म्हणालात, "वंदना, गोल हाय का अंडं?"

दुसरी गोष्ट कुणापाशी बोलता येत नाही, म्हणून तीही तुम्हालाच सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं. शेवटचे महिने आम्ही भिंतीपलीकडून तुमचा श्वास ऐकत काढले. त्या ऑक्सिजनच्या मशीनची घरघर थांबली की आत्या आणि मी, सासू-सुना दोघी हातातलं टाकून पळायचो, कारण लाईट गेली की मशीन गेलं, आणि इन्व्हर्टरवर येईपर्यंत तुमचे डोळे मोठे व्हायचे. ते डोळे बघायला नकोत, असं मला रोज वाटायचं. त्या दिवशी सकाळी अर्धा कप चहा घेतलात, कुशीवर वळलात आणि तसेच गेलात. चेहऱ्यावर कसली ओढाताण नव्हती. भेटायला येणारे "मोठा आधार गेला" म्हणत होते, मी मान हलवत होते. आधार गेला हे खरंच. पण तुम्ही सुटलात, आणि आम्हीही थोड्या सुटलो. हे लिहिताना मला लाज वाटत नाही.

मी तुम्हाला आधी गुरुजी म्हणायचे. बेंबळीच्या शाळेत तुम्ही आम्हाला चित्रकलेला होता. पट्टी आणि कंपास दप्तरात ठेवायला लावायचात. "हातानं गोल काढा. हात सुधरला की डोळा सुधरतो," असं म्हणत बाकांमधून फिरायचात. माझा गोल कायम एका अंगानं दबलेला. पुढं त्याच गुरुजींच्या घरी तेरला सून होऊन आले, तेव्हा सवयीनं तोंडातून गुरुजी निघालं, तर तुम्ही लगेच दुरुस्त केलंत, "गुरुजी साळंत. घरात सासऱ्याला मामा म्हणतेत." हाक बदलली, पण शिकवणं काही तुम्ही थांबवलं नाहीत. माझी भाकरी गोल होते की नाही हेसुद्धा बघायचात.

निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत तुम्ही दुकान थाटलंत. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, अभिनंदनाचे, श्रद्धांजलीचे. डिझाइन इथं, छपाई धाराशिवला. फाईल फोनवरून पाठवायची आणि छापलेली गुंडाळी संध्याकाळच्या एसटीनं यायची. हे चाकणला कंपनीत, मी इथं तुम्हा दोघांजवळ. मला दुपारी काही काम नसायचं. एक दिवस तुम्ही खुर्ची पुढं सरकवून म्हणालात, "बस." एवढीच माझी नेमणूक. नंतर कळलं की आत्यांनी आधी विरोध केला होता. बाई बसस्टँडवरच्या पोरांचे वाढदिवसाचे बोर्ड करणार का, म्हणून. तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते मला अजून माहीत नाही. विचारायचं राहून गेलं.

मग तो मॉनिटर आला. गावातला प्रत्येक पेनड्राइव्ह कुठला ना कुठला व्हायरस घेऊन यायचा, म्हणून तुमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सुट्टीत येऊन विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं होतं. "गुरुजी, ह्याला साथ लागत न्हाई," म्हणाला, आणि खरंच लागली नाही. पण त्याच सुमारास जुना चौकोनी मॉनिटर गेला आणि तुम्ही धाराशिवहून सेकंडहँड रुंद मॉनिटर घेऊन आलात, मांडीवर ठेवून, एसटीत, लेकरासारखा. चालू केला तर लक्ष्मी-गणपतीसकट सगळे आडवे फुगलेले. वायर मॉनिटरलाच जोडलेली, बदलता न येणारी, आणि तिच्यातली एक पिन तुटलेली. त्या पिनेतून मॉनिटर कॉम्प्युटरला आपलं माप सांगतो. माप कळलं नाही की कॉम्प्युटर अंदाजानं चौकोनी स्क्रीनचं माप धरतो आणि तेच रुंद काचेवर ताणून बसवतो.

दुसरा कुणी तो परत करून आला असता. तुम्ही म्हणालात, "मुका हाय. आपुन त्याच्या वतीनं बोलायचं."

मग ते बोलणं सुरू झालं. काळं टर्मिनल, म्हणजे कॉम्प्युटरला लेखी हुकूम द्यायची खिडकी, उघडायचं आणि तीन ओळी लिहायच्या. पहिलीत नव्या मापाचे सगळे आकडे, दुसरीत ते माप मॉनिटरच्या तोंडाशी जोडायचं, तिसरीत लागू करायचं. आकडे तुम्ही मागं उभे राहून म्हणायचात. एकशे अठरा पूर्णांक पंचवीस. सोळाशे, सोळाशे शहाण्णव, अठराशे छप्पन, एकवीसशे बारा. नऊशे, नऊशे तीन, नऊशे आठ, नऊशे चौतीस. तुमचा सूर असा लागायचा की शेजारच्या काकूंना वाटायचं, गुरुजी काहीतरी स्तोत्र शिकवतेत सुनेला. शेवटचा आकडा झाला की स्क्रीन एकदा काळी व्हायची आणि उघडायची ती सरळ. ताणलेले सगळे आपापल्या अंगात परत यायचे. तुम्ही लगेच एक गोल काढायला लावायचात, आणि बोटानं काचेवर फिरवून बघायचात.

पण हे सगळं एका बैठकीपुरतं. मशीन बंद केलं की पाटी कोरी. आणि आपल्याकडं मशीन बंद करायला माणूस लागत नाही, लाईटच करते. इन्व्हर्टर घेतला तो तुमच्या ऑक्सिजनसाठी. दुकानाच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. एखाद्या नवरदेवाचं नाव अर्धं टाइप झालेलं असायचं, खट्, अंधार. लाईट आली की पुन्हा अंडं, पुन्हा तुमचं स्तोत्र.

त्यावरून आपली भांडणं किती झाली. त्यांना वाद म्हणणं तुम्हाला आवडायचं, मी भांडणंच म्हणते.

"मामा, हे एकदाच कायमचं करून ठेवता येत नाही का?"

"येत आसंल."

"मग ठेवा की."

"कायमचं केलं की माणूस बघायचं सोडतो. रोज बघावं. आपल्या डोळ्यानं."

"दिवसातून चार वेळा लाईट जाते."

"मग चार वेळा बघ. डोळं काई झिजत न्हाईत."

मी चिडून स्वयंपाकघरात जायचे आणि भांडी आपटायचे. तुम्ही बाहेरून आत्यांना विचारायचात, "पातेलं गोल राहिलं का गं?" तुम्हाला असं बोलायला काय जात होतं! लिहायचं मला होतं. कॉम्प्युटरवर आपली दोन खाती वेगळी होती, वर तुमचं नाव, खाली माझं. "तुझ्या फायली तुझ्या, माझ्या माझ्या, एका ताटात जेवलं की भांडणं होतेत," हा तुमचाच नियम. तुम्ही पहाटे उठून नऊपर्यंत तुमची कामं करायचात आणि मी आले की तुमचं खातं बंद करून खुर्ची द्यायचात. माझं खातं उघडलं की अंडं. तुम्ही मागं उभे. "म्हण, एकशे अठरा पूर्णांक पंचवीस."

मग तुम्हाला उभं राहणं जमेना. मग बसून राहणंही. आतल्या खोलीतून तुम्ही आकडे म्हणायचात, एका श्वासाला एक. अठराशे छप्पन म्हटलं की थांबायचात. मी बाहेर बोट कळीवर ठेवून बसायचे. मला पुढचा आकडा माहीत असायचा, पण तुमच्या आधी तो लिहावासा वाटायचा नाही. आत्या म्हणायच्या, "दम लागतोय त्यांना, कशाला बोलायला लावती?" मी काय सांगणार? तेवढ्या वेळापुरते तुम्ही आजारी नसायचात.

तुम्ही गेल्यावर यांनी दोन दिवसांत सगळं ठरवून टाकलं. तेरावा झाला की दुकानाला कुलूप. पुढची खोली मोबाईलवाल्याला भाड्यानं, आणि आत्या आणि मी चाकणला. तिथली खोली तुम्ही बघितली होती. दार उघडलं की लगेच पलंग. यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. दोन बाया एकट्या कशाला ठेवायच्या, असं मुलाला वाटणारच. पण मला जायचं नव्हतं. त्या खुर्चीत मी कुणाची सून नसते, बायको नसते. लोक येऊन म्हणतात, ताई, आमच्या पोरीचं नाव जरा उठून दिसंल असं करा. मला तेवढी एक जागा हवी होती, आणि ती आता जाणार होती.

"दुकान मी चालवीन," म्हटलं मी.

"ते डबडं आण्णांशिवाय कुणाला उघडतं का?" हे म्हणाले. "लाईट गेली की तू कुणाला हाक मारणार?"

तुमचं आणि यांचं काय होतं ते मला इतक्या वर्षांत नीट कळलं नाही. तुमच्या प्रत्येक वस्तूत त्यांना खोट दिसायची. तुमची सायकल भंगार, तुम्ही दिलेला घराचा रंग भडक, मॉनिटर तर डबडंच. आणि त्यांनी पुण्याहून आणलेलं काही तुम्हाला कधी सरळ दिसलं नाही. दोघंही दुसऱ्याचं वाकडं शोधण्यात पटाईत. माझ्याकडं दोघांची गाऱ्हाणी यायची आणि मी दोघांना चहा द्यायचे.

पण यांचं बोलणं खोटं पाडायला माझ्याजवळ काही नव्हतं. उलट मीच त्यांना पुरावा दिला. चौकात तुमचा श्रद्धांजलीचा बोर्ड लावायचं ठरलं आणि तो मीच करायला बसले. दुसरा कुणी केलेला तुम्हाला चालला नसता. खातं उघडलं, अंडं. टर्मिनल उघडलं, आणि मामा, मला आकडे येईनात. माझा समज होता की मला पाठ आहेत. पाठ तुम्हाला होते. आरतीत मागून म्हणणाऱ्या बाईसारखं माझं झालं होतं, पुढचा गप्प बसला की तिला कळतं आपल्याला ओळी येत नाहीत. काहीबाही लिहिलं. कॉम्प्युटर इंग्रजीत खेकसला. पुन्हा लिहिलं, पुन्हा खेकसला. आतून काही आवाज येणार नव्हता. शेवटी डोळे पुसले आणि तशाच ताणलेल्या स्क्रीनवर तुमचा फोटो घेतला. फोटोत तुम्ही इतके रुंद दिसत होता की ते तुम्ही नव्हताच. मग दोन्ही बाजूंनी दाबत दाबत आणला, आणला, आणि एका जागी तुम्ही अगदी तुमच्यासारखे दिसलात. तिथं सोडला आणि पाठवून दिला.

संध्याकाळच्या एसटीनं गुंडाळी आली. चौकात उलगडली तर आमचे गुरुजी उसासारखे बारीक. गाल बसलेले, मान लांब, टोपी उंच. स्क्रीनवर बरोबर दिसलं ते फ्लेक्सवर चुकलं. तुम्ही हेच तर मला सांगत आला होता. दूधवाले हात जोडून म्हणाले, "लई वाळले व्हते गुरुजी." यांनी बोर्डाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "बापाचा फोटो बी धड न्हाई." मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

आत्या मात्र बोर्डापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. मी म्हटलं, आत्या, दुसरा छापून आणते. तर पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "नको गं. लग्नातले दिसतेत." तो बोर्ड अजून तिथंच आहे. तुम्हाला आवडला नसता, पण त्याला आता माझा इलाज नाही.

तेराव्यापर्यंत तुमच्या कशाला हात लावायचा नाही, असं आत्यांनी सांगून ठेवलं होतं. तुमचा चष्मा खिडकीत, काठी कोपऱ्यात, चपला उंबऱ्याशी, सगळं होतं तिथं. मी त्यात कॉम्प्युटरवरचं तुमचं खातंही धरलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण तुमच्या नावावर बोट ठेवायचं धाडस झालं नाही. सगळे दिवस मी माझ्याच नावानं उघडत राहिले, आणि अंडं बघून बंद करत राहिले.

तेरावा झाला. पाहुणे गेले. यांनी मोबाईलवाल्याला फोन लावून खोली बघायला बोलावलं. मी म्हटलं, तुमच्या फायली तरी काढून ठेवाव्यात, त्यात लोकांच्या पत्रिका आहेत. म्हणून पहिल्यांदा वरचं नाव उघडलं. पासवर्ड शोधायची गरज नव्हती, तुम्ही तो मोठ्यानं म्हणत टाइप करायचात, अख्ख्या गल्लीला पाठ आहे.

स्क्रीन एकदा काळी झाली. आणि सरळ उघडली.

मी काही केलेलं नव्हतं. टर्मिनल नाही, आकडे नाहीत. गोल काढून बघितला, गोल. मशीन बंद केलं, चालू केलं, पुन्हा तुमचं नाव, पुन्हा सरळ. आधी अंगावर काटा आला, खरं सांगते. मग तुमच्या खात्यात शोधलं तर नावाआधी टिंब असलेली एक लपलेली फाईल निघाली, आणि तिच्यात त्या तीन ओळी, आकड्यांसकट. तुमचं खातं उघडलं की त्या आपोआप चालतात. वर बनवल्याचं वर्ष बघितलं, तर मॉनिटर आणला तेच.

मामा! म्हणजे तुम्ही पहिल्या दिवसापासून स्वतःचं कायमचं करून ठेवलेलं होतं! पहाटे आरामात येऊन बसायचात, आपोआप सरळ झालेल्या स्क्रीनवर कामं उरकायचात, आणि मी आले की मागं उभं राहून मला डोळ्यानं बघण्याचं महत्त्व सांगायचात! मी इतकी वर्षं भांडी आपटली ती कुणावर? एवढंच नाही. तुमच्या टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबला तर जुन्या ओळी एकेक करून परत येतात, हेही मला त्या दिवशी कळलं. म्हणजे रोज नव्यानं लिहायचीही गरज नव्हती! आणि त्याच्याही वर एक छोटी ओळ होती: कॉम्प्युटरला नुसतं सोळाशे आणि नऊशे सांगितलं की बाकीचे सगळे आकडे तो स्वतः काढून देतो. ज्या आकड्यांना मी मंत्र समजत होते, ते तुम्ही असे मागून घेतले होते.

मी ओरडतच आत गेले. आत्या निवडत बसल्या होत्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं, फाईल काय, खातं काय. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण सगळं ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "मग नवीन काय त्यात? साळंत पोरांना हातानं गोल काढायला लावायचे, आन घरी फळ्यावरचं चित्र करायचं आसलं की ह्या माझ्या स्टीलच्या डब्याचं झाकण घेऊन बसायचे. मला म्हणायचे, कुणाला सांगू नको."

आम्ही दोघी जी हसलो! घरात तेरावा होऊन गेलाय, दारात तुमच्या चपला आहेत आणि सासू-सुना पोट धरून हसतायत. मग हसता हसता आत्यांना रडू फुटलं, मला फुटलं, आणि त्यातच पुन्हा झाकण आठवलं. मामा, इतकं मोकळं मला तुम्ही आजारी पडल्यापासून कधी वाटलं नव्हतं. तुम्ही गेल्यापासून सगळे तुम्हाला देव करायला निघाले होते. त्या एका झाकणानं तुम्ही परत माणसांत आलात.

का केलंत असं, ते आता विचारता येत नाही. मला शिकवायचं होतं म्हणून? शक्य आहे; पण मग शेवटी तरी सांगायचं. की माझं "मामा, या हो" ऐकायला तुम्हाला बरं वाटायचं? तुम्ही हे मेलात तरी कबूल केलं नसतं, आणि केलं नाहीतच. की फक्त वाद जिंकायचा होता? मला हे तिसरंच जास्त खरं वाटतं. पण त्या वादात हरत हरतच मला टर्मिनलची भीती गेली हेही खरं आहे. त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले. आता मानते. आणि चोरी पकडली गेली हेही लिहून ठेवते.

तुमची फाईल माझ्या खात्यात नुसती उतरवून घेतली असती तर काम भागलं असतं. पण मग उद्या तिसरा कुणी बसला की त्याला पुन्हा अंडं. मला ते नको होतं. खातं कुणाचंही असो, बसणाऱ्यानं काही न करता स्क्रीन सरळ उघडली पाहिजे. यांच्या तोंडाला तेच उत्तर होतं. फोनवर शोधलं. एक जाणकार म्हणतो इथं लिहा, दुसरा म्हणतो ते जुनं झालं, तिसरा म्हणतो नवा मॉनिटर घ्या. तिसरा यांच्याच कंपनीतला असावा. शेवटी जागा सापडली: अगदी मुळाशी, कुणाचं नाव विचारण्याआधी कॉम्प्युटर जिथं बघतो तिथं. पण तिथं चूक झाली तर स्क्रीन उघडतच नाही, काळीच राहते, असाही इशारा होता. मोबाईलवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. मशीन आजच बंद पाडलं तर यांना बोलायलाही लागलं नसतं. आधी तुमच्या फायली फोनवर घेतल्या, मग लिहिलं.

पहिल्यांदा चालू केलं, तर काळी नाही, पण अंडंच. माझ्याकडं दुर्लक्षच केलं त्यानं. पुन्हा बघितलं. मॉनिटरची वायर कॉम्प्युटरच्या ज्या तोंडाला लावलीय त्याला कॉम्प्युटर जे नाव देतो, तेच नाव लिहायला हवं होतं. मी माझ्या मनानं ठेवलं होतं. ते बदललं. पुन्हा चालू केलं. खात्यांची नावं विचारणारं पानच सरळ आलं. तुमचं नाव, माझं नाव, दोन्ही नीट आपापल्या जागी, कुणी फुगलेलं नाही. मी उठले आणि मीटरखालचा मेन स्विच खाडकन पाडला.

"गेली का गं लाईट?" आत्या आतून.

"मीच घालवली."

वर केला. सरळ. पुन्हा पाडला, पुन्हा वर केला. सरळ. आत्या म्हणाल्या, "फ्रीज जळंल, बाई," तेव्हा थांबले. छातीवरचा दगड उतरतो म्हणतात तो असा उतरतो.

यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी खोट शोधली असती. सकाळी ते स्वतःच पुढच्या खोलीत येऊन बसले. मोबाईलवाल्यानं ऐनवेळी नाही म्हटलं होतं, म्हणून "गाळा भाड्यानं देणे आहे" असा बोर्ड करायचा होता, आणि तो मला सांगण्याइतकं त्यांचं मन धजलं नसावं. दोन नावांपैकी त्यांनी वरचं उघडलं, तुमचं. मी दारात उभी होते. त्यांना कधी असं शांत बसलेलं बघितलं नव्हतं मी त्या खुर्चीत. अक्षरं लिहिली. मोठी केली, लहान केली. फोन नंबरभोवती एक गोल काढला, तो थोडा डावीकडं सरकवला, डोळे बारीक करून बघितलं, परत उजवीकडं आणला. नाकाशी तीच घडी पडली होती, तुमची. बराच वेळ गेला. आत्यांनी आणून ठेवलेला चहा निवला.

"ही स्क्रीन चांगली हाय की गं," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "आण्णा कधी बसू देत नव्हते."

ते आणखी थोडा वेळ त्या बोर्डाकडं बघत बसले. मग बंद करायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, केलेलं काम साठवायचं का? त्यांचा हात माऊसवर तसाच राहिला. मग त्यांनी "नको" दाबलं, उठले, आणि खुर्ची माझ्याकडं सरकवली.